मुंबईत आपलं कोण आहे?

बालमित्रांनो, माणगाव नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. आमचे माणगाव रायगड जिल्ह्यातले. काळ नदीच्या काठचे आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे. इथून एक रस्ता निजामपूरवरून ताम्हिणी घाट चढून पुण्याला जातो. रायगड किल्ला इथून जवळ. वडघरचे साने गुरुजी स्मारक तर आमच्याच तालुक्यात आहे. पण आमच्याकडच्या कुठल्याही घरात जा आणि विचारा, "घरातली मोठी माणसं कुठं आहेत?" उत्तर ठरलेले. "मुंबईला!" गणपतीला आणि शिमग्याला ही माणसे गावी येतात, गाव भरून जाते. चार दिवसांनी गाड्या भरभरून परत जातात आणि गाव पुन्हा म्हाताऱ्यांचे आणि मुलांचे होते.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी लेक चौथीत शिकते. तिने मुंबई फक्त टीव्हीवर पाहिलेली. यंदा दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे चार दिवस हातात होते. म्हटले, चला, हिला मुंबई दाखवू या! लालबागला माझी डीएडची मैत्रीण राहते. आम्ही दोघी एका खोलीत राहून शिकलो. लग्न होऊन ती मुंबईला गेली आणि मग फक्त फोनवर भेट. तिला कळवले तर ती म्हणाली, "विचारतेस काय? ये!"

निघायच्या आदल्या दिवशी मी भाजी घ्यायला बाजारात गेले होते. एक बाई धावतच आल्या. निजामपूरकडच्या एका वाडीवर माझी पहिली नेमणूक होती, तिथल्या त्या. हातात कापडी पिशवी.

"बाई, मुंबईला चालल्यात म्हणं? एवढी पिशवी आमच्या पोराला द्याल का? कडवे वाल हायेत, सुकट हाय, कुळथाचं पीठ हाय."

"देते की! काय करतो तो आता?"

"रेल्वेत हाय," त्या म्हणाल्या आणि एका चिठ्ठीवर लिहिलेला फोन नंबर त्यांनी माझ्या हातात दिला.

मला तो मुलगा आठवला. माझ्या पहिल्या वर्षाचा चौथीचा वर्ग, खिडकीजवळची जागा, पाढे म्हणताना नेहमी बाराच्या पाढ्याला अडणारा. तो रेल्वेत! मला फार बरे वाटले. घरी आल्यावर मी लेकीला ऐटीत सांगितले, "माझा विद्यार्थी रेल्वेत आहे बरं का!"

एसटीच्या खिडकीतून

गुरुवारी सकाळी एसटीत बसलो. इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण अशी गावे मागे पडत गेली. पेण आले की मुले ओळखतात, गणपतीच्या मूर्तींचे गाव! पुढे कर्नाळ्याचा किल्ला दिसला. अंगठा उभा धरावा तसा त्याचा सुळका. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. एकदम वळून म्हणाली,

"आई, मुंबईत आपलं कोण आहे?"

"मावशी आहे ना!"

"एकच? एवढ्या मोठ्या मुंबईत?"

मी म्हटले, "तू वहीत यादी कर. जो जो ओळखीचा भेटेल, त्याचं नाव लिही. परत येताना मोजू." तिने लगेच दप्तरातून वही काढली, वर 'मुंबईतले ओळखीचे' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली आकडा घातला, १. मावशी.

पनवेल गेले आणि उंच इमारती सुरू झाल्या. वाशीला खाडीवरचा लांबलचक पूल आला. या खाडीवर पहिला पूल १९७३ साली झाला, दुसरा १९९७ साली. आता तर आणखी दक्षिणेला शिवडी ते न्हावा-शेवा असा जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू झाला आहे. तो २०२४ साली खुला झाला. लेकीने विचारले, "पुलाआधी लोक कसे जायचे?" मी सांगितले, "लांबून वळसा घालून. नाहीतर बोटीने." आपल्या जिल्ह्यातली माणसे रेवसहून बोटीत बसायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायची. १७ जुलै १९४७ या दिवशी धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट वादळात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. जुनी माणसे अजून त्या बोटीचे नाव काढतात. आज आपण पुलावरून गाणी ऐकत जातो. पण मुंबईची वाट सोपी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे.

लालबागची चाळ

परळला उतरलो. मैत्रीण घ्यायला आली होती. तिने मला पाहिले, मी तिला पाहिले. "जाड झालीस गं!" "आणि तू काय बारीक झालीस?" असे म्हणून आम्ही दोघी भर रस्त्यात इतक्या हसलो की लेक लाजली.

मैत्रिणीचे घर चाळीत आहे. लांबच लांब गॅलरी आणि ओळीने दारे. दारे दिवसभर उघडी. कुणाकडे काय शिजते आहे ते सगळ्या मजल्याला कळते! समोर मात्र काचेचे उंच उंच मनोरे. मैत्रिणीचे सासरे गॅलरीत बसले होते. मूळचे म्हसळ्याचे, आयुष्यभर गिरणीत कामाला. ते बोटाने दाखवायला लागले, "तो मनोरा दिसतो ना, तिथे गिरणी होती. त्याच्या पलीकडे दुसरी."

मुलांनो, मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० नंतर लगेचच सुरू झाली, ताडदेवला. मग गिरण्या वाढत गेल्या. परळ, लालबाग, वरळी हा सगळा भाग 'गिरणगाव' झाला. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. एका गावची वीस-पंचवीस माणसे मिळून एक खोली घेत. त्यात सगळे पाळीपाळीने झोपत. एक दिवसपाळीला गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागी आडवा होई! जेवायचे खानावळीत. पगाराचे पैसे मनीऑर्डरने गावी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि किती तरी घरे परत गावाकडे आली.

आजोबा म्हणाले, "भोंगा झाला की घड्याळ बघायची गरज नव्हती. आता भोंगा नाही. अजून पहाटे जाग येते."

लेकीने वहीत लिहिले, २. म्हसळ्याचे आजोबा.

राणीच्या बागेतला रायगडकर

शुक्रवारी चिंचपोकळीहून लोकल पकडून भायखळ्याला उतरलो. लोकलमध्ये चढण्याचे शास्त्र मैत्रिणीने शिकवले. दप्तर पुढे घ्यायचे, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचे आणि आपले स्टेशन यायच्या आधीच दाराकडे सरकायचे. (लेकीचा एक स्टेशनाचा प्रवास गर्दीत उभ्यानेच झाला. तरी ती खूश!)

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पाटी वाचून लेक थबकली. "आई, म्हणजे पाचाडच्या जिजाऊ?" बरोबर! रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. शाळेच्या सहलीत आमची मुले तिथे डोके टेकतात. मुंबईच्या मधोमध आपल्या पाचाडच्या आऊसाहेबांचे नाव पाहून लेकीने यादीत तिसरा आकडा घातला.

बागेत पेंग्विन आहेत. २०१६ साली ते दक्षिण कोरियातून आले. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहणारे. त्यांच्यासाठी काचेआड गार खोली केली आहे. पाण्यात सूर मारणारा पेंग्विन बघताना मुलांचा आरडाओरडा चालला होता, आणि खरे सांगते, माझाही!

बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय, १८७२ सालचे. आत जुन्या मुंबईची चित्रे आणि नाना धंद्यांच्या माणसांच्या छोट्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते बाहेर, एका दगडी हत्तीपाशी.

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. घारापुरी कुठे येते सांगा पाहू? मुंबईत? चूक! घारापुरी उरण तालुक्यात, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात येते. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा त्यांना हा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. विलायतेचा बेत बारगळला. तुकडे मुंबईला आले आणि १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नीट बघितले तर सांधे दिसतात.

मैत्रीण म्हणाली, "म्हणजे हा पण चाकरमानीच की गं! गाव सोडून आला, पडला, मोडला, पुन्हा उभा राहिला."

आम्ही हसलो. लेकीने गंभीरपणे लिहिले, ४. घारापुरीचा हत्ती.

लाल शर्ट

शनिवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचलो. माझ्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितले होते, "बाई, लांबच्या गाड्यांच्या बाजूला या. मी सकाळची गाडी लावून मोकळा होतो."

गाडी लावून म्हणजे? मला वाटले, मोटरमन असेल, नाहीतर गार्ड. मी काळ्या कोटातल्या आणि पांढऱ्या गणवेशातल्या माणसांकडे बघत उभी होते. तेवढ्यात मागून हाक आली, "बाई!"

वळून पाहिले. लाल शर्ट, दंडाला पितळी बिल्ला, खांद्यावर गमछा. तो वाकला आणि भर प्लॅटफॉर्मवर माझ्या पाया पडला.

मुलांनो, मला एक क्षण काहीच बोलता आले नाही. तो हमाल होता. मी लेकीला ऐटीत काय सांगितले होते ते मला आठवले, आणि माझा चेहरा पडला असावा. अगदी एक क्षणच, पण त्याने तो पाहिला. हसून म्हणाला, "आईने रेल्वेत आहे म्हणून सांगितलं असेल ना? खरंच आहे ते. रेल्वेतच आहे."

मग त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. मी "अरे राहू दे" म्हणाले तर म्हणाला, "बाई, हे माझं काम आहे. त्यात लाजायचं काय?"

त्या दिवशी मुंबई आम्हाला दाखवली ती त्याने.

"ही इमारत लोक बघत नाहीत, धावत जातात," तो म्हणाला. "मी रोज बघतो. वर बघा." आम्ही वर पाहिले. दगडात मोर होते, खारी होत्या, माकडे होती, पाने आणि वेली होत्या. त्याने लेकीला पैज लावली, "खार शोधून दाखव!" तिने शोधली. ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधत होते. स्टिव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला, पण हे नक्षीकाम घडले ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातून. सर्वांत वर घुमटावर 'प्रगती' नावाची मूर्ती आहे, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. दाराच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. २००४ साली ही इमारत जागतिक वारसा ठरली.

याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत धावली. ३४ किलोमीटर, १४ डबे. आमच्या माणगावात रुळांवरून गाडी यायला त्यानंतर १४० वर्षे लागली! कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा १९९३ साली सुरू झाला. मी तेव्हा लहान होते. वडिलांनी मला खांद्यावर बसवून गाडी दाखवली होती.

स्टेशनातून बाहेर पडून आम्ही चालतच निघालो. टपाल कचेरीचा मोठा घुमट विजापूरच्या गोलघुमटासारखा दिसतो. पुढे रिझर्व्ह बँकेची उंच इमारत. इथे मी थांबले. आता माझी पाळी होती! मी म्हटले, "या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, माहीत आहे? चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी, रायगडाच्या परिसरात १८९६ साली जन्मले. मॅट्रिकला पहिले आले, आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले आले. १९४३ साली गव्हर्नर झाले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं."

"नाते म्हणजे आपल्या रायगडच्या वाटेवरचं?" त्याने विचारले. "एवढी वर्षं इथून जातोय, मला माहीतच नव्हतं!" लेकीने पाचवा आणि सहावा आकडा एकदम घातला, ५. दादा, ६. चिंतामणराव देशमुख.

हुतात्मा चौकात आलो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. तिथल्या स्मारकात दोन माणसे मशाल धरून उभी आहेत. एक शेतकरी, एक कामगार. दादाने त्यांच्याकडे बघून मान लववली आणि काही बोलला नाही.

पुढचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला तीन तासही पुरले नाहीत. तिथे अकबर बादशहाचे चिलखत आहे. ते बघून लेक म्हणाली, "एवढं जड घालून लढायचे कसे?" दादा म्हणाला, "सवयीने सगळं उचलता येतं. पण वजन मानेवर घ्यायचं नाही, सरळ पाठीवर उतरवायचं." आणि त्याने गमछा काढून त्याची चुंबळ कशी वळायची ते तिला दाखवले. आमच्याकडे बायका हंड्याखाली ठेवतात, तशीच चुंबळ!

गेटवेच्या कट्ट्यावर

संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलो. १९११ साली पंचम जॉर्ज राजा इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. त्याच्या स्वागताला पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता! खरी दगडी कमान पुरी झाली १९२४ साली. आणि गंमत बघा, राजाच्या स्वागताची ही कमान. याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत बसून निघून गेली.

आम्ही कट्ट्यावर बसलो. मांडव्याच्या बोटी ये-जा करत होत्या. समुद्रापलीकडे डोंगर दिसत होते. ते आपल्याच जिल्ह्यातले. दादाने आईची पिशवी उघडली, सुकटीची पुडी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

मी विचारले, "बारावीपर्यंत शिकलास ना रे? मग हे काम कसं?"

"बाबांचा बिल्ला आहे हा," तो म्हणाला. "बाबा इथेच होते. वीस-बावीस वर्षं. गुडघे गेले, मग बिल्ला माझ्या नावावर करून घेतला."

मी चकित झाले. "तुझे बाबा हमाल होते? मला कधी बोलला नाहीस!"

तो थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, राग मानू नका. एकदा माझा बाराचा पाढा चुकला. तुम्ही म्हणालात, पाढे येत नसतील तर मुंबईला जाऊन हमाली करावी लागेल. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या दिवशी बाबा इथेच ओझी उचलत होते. त्या ओझ्याच्या पैशातनंच माझी वही आली होती. मग मी सगळ्यांना सांगायला लागलो, बाबा रेल्वेत आहेत. पुढच्या गणपतीला बाबा आले, शाळेत सोडायला येतो म्हणाले. मी त्यांना येऊ दिलं नाही."

मला ते वाक्य आठवत नव्हते. खरेच आठवत नव्हते. मी ते किती वेळा, किती वर्गांत बोलले असेन, देव जाणे! आमच्या गुरुजींनी आम्हाला तेच सांगितले होते. घरोघरी आईबापही तेच सांगतात. "शिकला नाहीस तर भांडी घासशील." "शिकला नाहीस तर ओझी वाहशील." बोलणारा विसरतो. ज्याचे बाबा ओझी वाहतात, तो विसरत नाही.

मी म्हटले, "माझं चुकलं रे."

तो गडबडला. "नाही बाई, तुम्ही चांगल्यासाठीच बोललात. आणि शिकायला हवं हे खरंच आहे. मी अजून शिकायला हवं होतं. बहीण दहावीला आहे, तिला मीच ओरडतो अभ्यासाला. फक्त पोरांना ओरडताना आमचं काम भीती म्हणून सांगू नका. एवढंच."

लेक आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने हळूच विचारले, "दादा, बाराचा पाढा आता येतो?"

तो खळखळून हसला आणि तिथेच, समुद्राच्या साक्षीने, बारा एके बारापासून बारा दाहे एकशेवीसपर्यंत त्याने एका दमात म्हणून दाखवला. शेजारी बसलेल्या दोन आजी टाळ्या वाजवायला लागल्या!

यादी

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. या वेळी दादाने आमच्या दोन्ही बॅगा डोक्यावर घेतल्या तेव्हा मी "राहू दे" म्हटले नाही. लेकीच्या डोक्यावरही तिने वळलेली चुंबळ होती आणि तिच्यावर खाऊची पिशवी! गाडी हलली. तो लाल शर्ट बराच वेळ दिसत राहिला.

सोमवारी शाळा उघडली. दिवाळीचा अभ्यास तपासताना एका मुलाची वही कोरी निघाली. ते जुने वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. फळ्यावर लिहिले, 'मुंबईतले आपले', आणि विचारले, "कुणाकुणाच्या घरचं कोण मुंबईला आहे? काय काम करतं?"

आधी कुणी बोलेना. मग एक हात वर आला. मग दुसरा. थोड्या वेळाने फळा पुरेना. टॅक्सी चालवणारे काका, रुग्णालयात वॉर्डबॉय असलेले मामा, घरकाम करणारी आत्या, बँकेत शिपाई, इमारतीचा रखवालदार, एक नर्स, एक शिक्षक, बाजारात पोती उचलणारे दोन बाबा. मी सांगितले, जे माथ्यावर ओझे वाहतात त्यांना माथाडी म्हणतात आणि त्यांच्या हक्कांसाठी आपल्या राज्याने १९६९ साली कायदा केला. ज्याची वही कोरी होती, तो मुलगा अगदी शेवटी उठला. म्हणाला, "माझे बाबा माथाडी आहेत." आणि या वेळी कुणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धा अभ्यास करून आणला. उरलेला अर्धा अजून यायचा आहे!

बालमित्रांनो, तुम्हीही मुंबईला जाल. राणीची बाग आणि शेजारचे संग्रहालय बुधवारी बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. स्टेशनात धावताना एकदा मान वर करून खार शोधा. आणि जाण्याआधी घरी विचारून घ्या, मुंबईत आपलं कोण कोण आहे, आणि ते काय काम करतं. मग त्यांना जाऊन भेटा.

माझ्या लेकीच्या यादीत घरी पोहोचेपर्यंत अकरा नावे झाली होती. पाचव्या नावापुढे तिने कंसात लिहिले आहे, 'रेल्वेत हमाल. सगळी मुंबई माहीत आहे.'